रेफरीचा चष्मा

रविवारी ऑफसाइडची एक शिट्टी वाजवली की केस कापायला किती लांब जावं लागतं, हे फुटबॉलच्या कुठल्याच नियमपुस्तकात दिलेलं नाही. रेफरीला ते स्वतःच्या डोक्यावरच्या केसांनी शिकावं लागलं. कोपऱ्यावरचा सलूनवाला बाजारवाल्यांच्या टीमकडून खेळायचा. पळायचा छान, फक्त नेहमी चेंडूच्या आधी पळायचा. त्याचा एक गोल रेफरीने नाकारला, आणि पुढच्या वेळी खुर्चीत जाऊन बसला तर सलूनवाल्याने वस्तरा पुसत पुसत विचारलं, "आता मी मानेला हात लावला तर चालेल ना? की आधी तुमची शिट्टी व्हायला पाहिजे?" ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्याशी नियमांवर वाद घालू नये, इतकी अक्कल रेफरीला होती. तेव्हापासून तो बस पकडून लांबच्या एका सलूनमध्ये जातो. तिथे पैसे जास्त पडतात आणि कल्ले नेहमी खालीवर होतात.

हौशी लीगचं हेच तर दुखणं. खेळणारे सगळे शहरातलेच, कामधंद्याचे. ज्याला रविवारी कार्ड दाखवायचं त्याच्याच हातापाया पडून सोमवारी काम करून घ्यायचं. प्लंबरच्या टीमविरुद्ध पेनल्टी दिली, तेव्हापासून स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय आणि त्याच्याखाली पातेलं आहे. इलेक्ट्रिशियनला हुज्जत घातल्याबद्दल पिवळं कार्ड दाखवलं, तर जिन्यातला दिवा गेला तो गेलाच. बायको आधी चिडायची, मग तिने चिडणं सोडून दिलं आणि उपाय सुचवायला लागली.

"अहो, निदान त्या दातांच्या डॉक्टरांना तरी सांभाळा," ती म्हणाली. "माझी दाढ दुखतेय. हवं तर त्यांना एक पेनल्टी देऊन टाका."

"असं देता येत नाही."

"मग माझी दाढ तुम्हीच काढा."

तसा रेफरी हा काही जन्मजात रेफरी नव्हता. एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. लहानपणापासून फुटबॉलचं वेड होतं, पण खेळणं बेताचंच. त्याच्या पायात चेंडू आला की बघणाऱ्यांना चेंडूची दया यायची. तिशीच्या आत त्याच्या टीमने त्याला प्रेमाने समजावलं की तू फार प्रामाणिक आहेस, तू रेफरी हो. ही आपली स्तुती आहे असं त्याला बरीच वर्षं वाटत होतं.

आणि चष्म्याच्या दुकानात काम करणारा माणूस रेफरी झाला, यापेक्षा प्रेक्षकांना आणखी काय हवं? "चष्मा लाव!" ही आरोळी जगातल्या प्रत्येक रेफरीला ऐकावी लागते. याला ती "दुकानातला एखादा चष्मा लाव!" अशी ऐकावी लागायची. "गिऱ्हाइकाचा लाव, पण लाव!" असंही कोणीतरी म्हणायचं. मैदानावर त्याचं नाव 'शिट्टी' पडलं होतं. अठरा-एकोणीस वर्षं तो हे ऐकत आला होता, आणि त्यातल्या बऱ्याच विनोदांना तो मनातल्या मनात हसायचा, कारण ते खरोखरच बरे असायचे. फक्त घरच्यांना त्याने मैदानावर यायची बंदी केली होती. पहिल्या वर्षी बायको एकदा हौसेने आली होती. तिच्या सासूबाईंविषयी लोक काय काय बोलतात ते तिने ऐकलं आणि मध्यंतरातच घरी गेली. तिचं आणि सासूबाईंचं फारसं पटत नसे, पण एवढं तिलाही पटलं नाही.

खर्च मात्र वाढतच गेला. पूर्वी एक काळा शर्ट, एक शिट्टी आणि एक घड्याळ एवढ्यावर भागायचं. मग काळ्या शर्टाच्या टीम निघाल्या, म्हणून पिवळा शर्ट घ्यावा लागला. मग पिवळ्या टीम निघाल्या. दर वर्षी नवे नियम आले म्हणून वर्ग, वर्गाची फी, विम्याचा हप्ता, स्कूटरचं पेट्रोल, आणि चाळिशी उलटल्यावर गुडघ्यांनी आपापला वेगळा खर्च सुरू केला. मानधन तेवढं होतं तिथेच राहिलं. तेही सामना संपल्यावर यजमान टीमच्या सेक्रेटरीने हातात ठेवायचं असा रिवाज. यजमान हरले असतील तर सेक्रेटरी अचानक कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नसायचं.

"पदरचे पैसे घालून शिव्या खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही," बायको म्हणायची. "घरी काय कमी मिळतात?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. दुकानात त्याला मालक सांगत, घरी बायको आणि मुलगी ठरवत, गल्लीत कोणी काही विचारत नसे. पण रविवारी तो मधल्या वर्तुळात उभा राहायचा, चेंडू तिथे ठेवलेला असायचा, आणि बावीस धट्टीकट्टी माणसं त्याने शिट्टी तोंडाला लावायची वाट बघत उभी असायची. तेवढ्या एका क्षणासाठी तो आठवडा काढायचा. नंतरच्या दीड तासात काय व्हायचं ते व्हायचं, पण तो एक क्षण त्याचा असायचा, आणि तो सोडायची त्याची तयारी नव्हती.

या वर्षी लीगने नवं फर्मान काढलं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक रेफरीने डोळे तपासून दाखला आणायचा, त्यावर शिकलेल्या तपासनिसाची सही हवी. दाखला नाही तर सामना नाही.

बाकीचे रेफरी तपासणीच्या फीबद्दल कुरकुरले. याचं दुखणं वेगळंच होतं. गेली दोन वर्षं त्याला लांबच्या गोलजवळचं साधारण दिसत होतं. साधारण म्हणजे माणसं आहेत एवढं दिसायचं, कोणती आहेत ते त्यांच्या शर्टांवरून कळायचं आणि काय करताहेत ते आरडाओरड्यावरून. जवळचं त्याला लख्ख दिसायचं. भिंगावरचा बारीक ओरखडा तो उघड्या डोळ्यांनी शोधून काढायचा, त्यामुळे आपले डोळे उत्तम आहेत अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. मैदानावर तो अनुभवावर निभावून न्यायचा. कोण कसा पडतो, कोण खरा कण्हतो आणि कोण एक डोळा उघडा ठेवून कण्हतो, हे त्याला पाठ होतं. आणि शिट्टी जोरात वाजवली की निम्म्या लोकांना ती बरोबरच वाटते, हेही त्याला ठाऊक होतं.

मग चष्मा का लावला नाही? पळताना लावायचा पट्टेवाला चष्मा महाग असतो, हे त्याने स्वतःला दिलेलं कारण. दुकानातल्याच माणसाला तो किती महाग पडणार? खरं कारण हे की इतकी वर्षं सारं मैदान ज्याला "चष्मा लाव" म्हणून ओरडलं, त्याने एका रविवारी निमूटपणे चष्मा लावून यायचं, म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळे बरोबर होते असं लिहून दिल्यासारखंच. त्यापेक्षा आंधळं झालेलं परवडलं, असं त्याला वाटायचं. बोलून मात्र कोणाजवळ दाखवलं नव्हतं.

आता सहीचं. त्याच्याच दुकानात पुढच्या खोलीत डोळे तपासायला महिन्याभरापूर्वी एक नवी तपासनीस रुजू झाली होती, आणि ती त्याची मुलगी होती. चार वर्षं शिकून आलेली, पांढरा कोट, छातीवर पेन. बाहेरच्यांकडे जाऊन फी कशाला भरा, मुलगी आहेच की घरची, असा त्याने हिशोब केला. आणि दुसरा हिशोब तो कोणाला सांगणार नव्हता. त्या खोलीतला अक्षरांचा तक्ता त्याला तोंडपाठ होता. मुद्दाम पाठ केला नव्हता हो. वीस-बावीस वर्षं रोज पलीकडून गिऱ्हाइकांचे आवाज ऐकत भिंगं घासली की दगडालाही पाठ होईल.

एका सकाळी दुकान उघडायच्या आधी तो खुर्चीत बसला. मुलीने दिवा बारीक केला, त्याच्या उजव्या डोळ्यावर झाकण धरलं. समोर लांब भिंतीवर तक्ता उजळला. सगळ्यात वरचं मोठं अक्षर ओळखीचंच होतं.

"खालून दुसरी ओळ वाचा," ती म्हणाली. कामावर ती त्याच्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलायची.

रेफरीने अगदी घाई केली नाही. आयुष्यभर त्याने खोटंखोटं पडणारे खेळाडू पाहिले होते, आणि ते कुठे चुकतात हे त्याला माहीत होतं. ते फार लवकर पडतात. म्हणून त्याने आधी डोळा थोडा बारीक केला, मान पुढे काढली, आणि सावकाश सुरुवात केली. "ट... फ... ज... र... हा भ आहे की म? भच दिसतोय. भ... ल."

"छान," मुलगी म्हणाली. "तिच्या खालची?"

तिच्या खालचीही त्याने वाचली. शेवटच्या अक्षराला थोडं अडखळलाही. आपण इतके चांगले नट आहोत हे त्याला माहीत नव्हतं.

मुलीने दिवा मोठा केला. "उठा आणि जवळ जाऊन बघा," ती म्हणाली.

तो तक्त्यापाशी गेला. जवळचं त्याला लख्ख दिसायचं, ते याही वेळी दिसलं. तक्ता नवा कोरा होता. वरचं मोठं अक्षर तेवढं तेच, आणि खालच्या दोन ओळींत अक्षरं नव्हतीच. सगळे अंक होते.

"कधी बदलला?" त्याने विचारलं.

"काल संध्याकाळी. तुम्ही घरी गेल्यावर. जुना पिवळा पडला होता."

"मला कोणी सांगितलं नाही!" तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, आणि म्हणताना त्याचे दोन्ही हात आपोआप हवेत पसरले. चेंडू हाताला लागल्यावर खेळाडू अगदी अस्सेच हात पसरतात. मुलीलाही ते दिसलं असावं, कारण तिला हसू आलं आणि तिने ते गिळलं.

"बाबा, तुम्हाला पावणेदोनचा नंबर असणार. दोन्ही डोळ्यांना. लांबचं दिसत नाहीये तुम्हाला. कधीपासून?"

"दिसतं की. साधारण दिसतं."

"साधारण पाहून तुम्ही लोकांना बाहेर काढता?"

रेफरी जे बोलायला नको होतं तेच बोलून गेला. "तू सही कर ना. घरचंच तर काम आहे."

"घरचं म्हणून तुम्ही कधी कोणाला सोडलंत?" ती म्हणाली. तेही खरं होतं. बायकोच्या मावसभावाला त्याने भर मैदानात लाल कार्ड दाखवलं होतं, आणि नंतर त्याच्या लग्नाची पत्रिका यांच्याकडे आली नव्हती. "ही माझी पहिली नोकरी आहे, बाबा. माझ्या सहीवर लोक गाडी चालवणार आहेत. पहिल्याच महिन्यात खोटी सही करू?"

रेफरीला आयुष्यात पुष्कळ गोष्टी ऐकाव्या लागल्या होत्या. आईवरून, बापावरून, डोळ्यांवरून, अकलेवरून. त्यातलं काही कधी आत गेलं नव्हतं. हे मात्र गेलं. तो परत खुर्चीत बसला आणि स्वतःच्या हाताने डोळ्यावर झाकण धरलं.

"तपास," तो म्हणाला. "नीट तपास."

नंबर पावणेदोनच निघाला. चिठ्ठी मागच्या खोलीत आली आणि त्याने स्वतःची भिंगं स्वतः घासली. इतक्या वर्षांत हजारो लोकांचे नंबर त्याच्या हाताखालून गेले होते, पण मुलीच्या अक्षरातल्या चिठ्ठीवरून भिंग घासताना त्याचा हात जरा जपूनच चालला. मालकांनी भिंगांचे पैसे घेतले नाहीत. पट्टेवाल्या फ्रेमचे मात्र पुरते घेतले, वर म्हणाले, "मैदानावर कोणी विचारलं तर दुकानाचं नाव सांगा. पण सामना बरा झाला तरच."

घरी बायकोने तो चष्मा त्याच्या डोळ्यांवर पाहिला आणि त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मग म्हणाली, "आता तरी तो नळ दिसला का?"

एवढं होऊनही दाखला मिळाला नव्हता. मुलीचं म्हणणं, खुर्चीत बसून दिसणं वेगळं आणि पळताना दिसणं वेगळं. पट्टा सैल असला तर चष्मा नाचतो, घामाने धुरकटतो. लीगने रविवारपर्यंत मुदत दिली होती. "मी सामन्याला येते," ती म्हणाली. "मैदानावर बघते, मग सही."

"मैदानावर यायचं नाही. तिथे काय भाषा असते ठाऊक नाही तुला."

"मग सही नाही."

रेफरीने हार मानली. घरात त्याची शिट्टी कधीच चालत नसे.

रविवारी सामना होता बस डेपो विरुद्ध बेकरी, डेपोच्या मैदानावर. सकाळीच कोणीतरी चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा आखून ठेवल्या होत्या. रेफरी कपडे बदलायच्या खोलीत जरुरीपेक्षा जास्त वेळ बुटाच्या नाड्या बांधत बसला. शेवटी चष्म्याचा पट्टा डोक्यामागे आवळला आणि बाहेर पडला.

पहिल्यांदा शांतता पसरली. शे-दीडशे माणसं एकदम गप्प झालेली त्याने या मैदानावर कधी ऐकली नव्हती. मग डेपोच्या कोपऱ्यातून कोणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्याने वाजवली, आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. बेकरीच्या कप्तानाने येऊन त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "अभिनंदन, शिट्टी. उशिरा का होईना." रेफरीचे कान लाल झाले. पण तोही माणूस होता. त्याने चष्म्याला हात लावून प्रेक्षकांना एक नमस्कार ठोकला. हशा झाला. इतकी वर्षं ज्या प्रसंगाच्या धास्तीने तो जगत होता, तो एवढ्यावर उरकला.

आणि मग त्याने मान वर केली, तर काय सांगावं! लांबचा गोल होता. गोलला जाळी होती, जाळीला एके ठिकाणी भोक होतं, भोकातून मागच्या भिंतीवरचा रंग दिसत होता. माणसांना चेहरे होते. इतकी वर्षं ज्याचा फक्त आवाज ऐकला होता तो डेपोचा भसाडा माणूस त्याला पहिल्यांदा दिसला, तर एक किरकोळ, चहाचा पेला धरलेला, आजोबा झालेला गृहस्थ निघाला. गोलच्या मागे, खांबाला टेकून, त्याची मुलगी उभी होती. दिसतंय का, असं तिने लांबून बोट दाखवून विचारलं. त्याला तिचं बोटसुद्धा दिसलं. त्या आनंदाच्या भरात त्याने सामना सुरू करायची शिट्टी जरा चिरकी वाजवली.

पहिला अर्धा भाग त्याने इतका सुरेख चालवला की त्याला स्वतःलाच ओळख पटेना. शर्ट ओढलेला दिसत होता, टाच मारलेली दिसत होती. बेकरीचा एक पोरगेला खेळाडू कोणी हात न लावता कोसळला, तेव्हा पडता पडता त्याने कोणाकडे बघितलं हेही दिसलं. मध्यंतरापर्यंत लोकांना ओरडायला काही सापडेना, आणि ते थोडे नाराज दिसत होते.

शेवटची काही मिनिटं उरली, गोल कोणाचाच नव्हता. बेकरीच्या एकाने लांबून फटका हाणला. रेफरी मैदानाच्या मध्यावर होता. तो गुडघ्यांना न विचारता धावत सुटला. चेंडू आडव्या दांडीच्या खालच्या बाजूला थडकला, सरळ खाली आला, गोलच्या रेघेपाशी आपटला आणि बाहेर उडाला. डेपोच्या गोलकीपरने तो कवटाळला. आणि रेफरीला दिसलं! इतक्या लांबून, धावता धावता, चेंडू आपटला तिथून फक्कीचा एक इवलासा पांढरा ढग उठलेला दिसला. दोन वर्षांपूर्वीही दिसला नसता. त्या ढगाच्या आनंदात त्याने पुढचा विचार केलाच नाही. शिट्टी फुंकली आणि हात मधल्या वर्तुळाकडे केला. गोल!

मग जे व्हायचं ते झालं. डेपोचा गोलकीपर शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, अंगाने बसच्या बेताचा. तो छाती पिटत धावून आला. "आख्खा बाहेर होता, साहेब! आख्खा! मी या डोळ्यांनी बघितला!" प्रेक्षक तर गोल न झालेल्या इतक्या वेळाचं उट्टं काढायला बसलेलेच होते. आणि 'चष्मा लाव' आता म्हणता येत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

"चष्मा बनवला कोणी रे तुझा?" चहाच्या पेल्यावाले आजोबा गरजले. "पैसे परत माग!"

"नंबर काढणाराच आंधळा असणार!"

रेफरी थिजला. या शिव्या त्याच्या नव्हत्या. त्याने गोलमागे बघितलं आणि चष्मा असल्याने मुलीचा चेहरा त्याला स्वच्छ दिसला. तो दिसला नसता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. पण ती खांबाचा आधार सोडून पुढे आली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून, शाळेत कवायतीला हुकूम द्यायची तशा आवाजात ओरडली, "नंबर मी काढलाय! उद्या दुकानात या, तुमचाही काढून देते!"

आधी मैदान हसलं, मग आजोबाही हसले. तेवढ्या वेळात रेफरीने सामना पुन्हा सुरू करून घेतला. बेकरी एका गोलने जिंकली.

डेपोचा सेक्रेटरी कुठे गेला ते अर्थातच कोणाला ठाऊक नव्हतं. रेफरी स्कूटरपाशी आला. मुलगी दाखल्याचा कागद घेऊन उभी होती, पण पेनचं टोपण लावलेलं होतं.

"दिसलं ना तुला?" तो धापा टाकत म्हणाला. अजून त्याला तो ढग डोळ्यांपुढे दिसत होता. "इतक्या लांबून मला फक्की उडालेली दिसली! रेघेवरची फक्की! असं कधी म्हणजे कधी..."

"गोल नव्हता, बाबा."

"नव्हता कसा? फक्की उडाली, मी बघितली."

"मीही बघितली. मी तर मागेच होते. रेघेवरची फक्की उडाली म्हणजे चेंडू रेघेवर पडला. आख्खा चेंडू आख्ख्या रेघेच्या पलीकडे जायला हवा ना? मला लहानपणी जेवताना ताटाच्या कडेवर लिंबू ठेवून तुम्हीच शिकवलंत."

रेफरी स्कूटरच्या सीटवर बसला. इतक्या वर्षांत त्याने किती जणांना हा नियम समजावून सांगितला असेल त्याची गणती नव्हती, आणि नेमका दिसायला लागल्यावर विसरला. मग त्याला तिचं ते दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडणं आठवलं. गोल नव्हता हे माहीत असताना ती ओरडली होती.

"मग सही नाही," तो खाली बघत म्हणाला. "बरोबरच आहे."

"सही का नाही?" तिने कागद त्याच्या शेजारी सीटवर ठेवला, टोपण काढलं आणि सही केली. "एवढ्या लांबून फक्की दिसली. डोळे उत्तम आहेत. चुकलात ते तुम्ही."

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की त्याला राग यायचाच राहून गेला. उलट बरंच हलकं वाटलं. आजवर त्याला कोणी चोर म्हटलं होतं, कोणी आंधळा, कोणी विकला गेलेला. तू चुकलास असं प्रेमाने कोणी म्हटलं नव्हतं. तो उठला, शर्ट खाली ओढला आणि डेपोच्या खोलीकडे चालायला लागला. असं कोणी रेफरी करत नाही. मानधनाची उरलीसुरली आशा आता गेली, हे त्याला चालता चालता कळत होतं.

ड्रायव्हर पायरीवर बसून बूट काढत होता. त्याने वर पाहिलं आणि बूट हातातच राहिला.

"गोल नव्हता," रेफरी म्हणाला. "चेंडू रेघेवर पडला होता. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. माझं चुकलं."

ड्रायव्हरने मागे वळून खोलीचं दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणला. "खरं सांगू का, साहेब? मला कुठे काय दिसलं? चेंडू तोंडावर आला की माझे डोळेच मिटतात. बघा हं, कोणाला बोलू नका."

"मग छाती पिटून एवढं ओरडत होतात ते?"

"ओरडायला लागतंच की हो," ड्रायव्हर म्हणाला. "नाहीतर टीमला काय वाटेल?"

रेफरी स्कूटरकडे परत आला तेव्हा त्याचे खांदे हलत होते. मुलगी घाबरून दोन पावलं पुढे आली, मग तिला कळलं की तो हसतोय.

"काय म्हणाले?"

"त्यांनी डोळे मिटले होते."

"म्हणजे आख्ख्या मैदानावर ते मला एकटीलाच दिसलं?"

"एकटीलाच," तो म्हणाला. त्याला तिचा इतका अभिमान वाटला की तो लपवायला त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाच पुसत बसला. स्कूटर सुरू केल्यावर त्याने मागे न बघता विचारलं, "पुढच्या रविवारी येशील?"

"येईन ना," ती मागे बसत म्हणाली. "पण गोलमागेच उभी राहीन. तुम्ही पोचेपर्यंत तिथे कोणीतरी असायला हवं."